जुन्या अँबॅसडरचा नवा ब्रॅकेट

सकाळी ९
नागपूरच्या सदरमधल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात अँबॅसडर उभी आहे. या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं. रेडिएटर धरणारा ब्रॅकेट गंजून तुटलाय. मालक विचारतात, "भाऊ, बनून जाईल ना?" बनेल, पण आधी माप. गंज खरवडल्याशिवाय वर्निअर लावायचा नाही, नाहीतर जाडी चुकते. दोन भोकांचे मध्य नेमके सापडत नाहीत. म्हणून आतल्या कडांमधलं आणि बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं, बेरीज करून दोनाने भागायचं. भोकं लहानमोठी असली तरी मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर बरोबर येतं.

सकाळी ११
फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर काम सुरू. पत्रा ३ मिमी, काटकोनात वाकवलेला, दोन्ही बाजू बाहेरून ५० मिमी. नवीन मुलगा सपाट पत्रा १०० मिमी धरतो. पण वाकताना बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला दबतो. आतली त्रिज्या ३ मिमी आणि के-फॅक्टर (ज्या थराची लांबी बदलत नाही, तो आतून जाडीच्या कितव्या भागावर आहे तो आकडा) ०.४ धरला, तर पत्रा ९४.६ मिमीच लागतो. एम८ बोल्टसाठी भोक ९ मिमी ठेवलं, म्हणजे बसवताना थोडी सूट राहते.

दुपारी १
ड्रॉइंग कागदावर मूळ मापात छापलं. कोपऱ्यात १०० मिमीची रेघ असतेच. ती पट्टीने मोजली की प्रिंटरने आकार बदलला का, ते कळतं. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून गाडीवर लावून पाहिला. एक भोक २ मिमी सरकवावं लागलं. ही दुरुस्ती पुठ्ठ्यावर फुकट होते, पत्र्यावर नाही.

दुपारी ३
एक तरुण गाडीच्या बंपरपुढे लावायचा गार्ड, म्हणजे बुलबार, बनवून मागतो. आम्ही नाही म्हणतो. धडकेचा जोर शोषून घेण्याचं बंपरचं काम त्याने बिघडतं, एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे.

दुपारी ४
ब्रॅकेटच्या ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल हिंगणा एमआयडीसीत लेझर कटिंगला गेली. सोबत पत्र्याची जाडी, नग आणि बेंड कोणत्या बाजूला, हे लिहून दिलं. लेझर जेवढा धातू जाळतो, त्याची भरपाई मशीनवाला स्वतः करतो. ती ड्रॉइंगमध्ये पुन्हा करायची नाही.

संध्याकाळी ७
कापून, वाकवून ब्रॅकेट आला. कडा घासल्या, रेड ऑक्साइड मारला. वाळल्यावर बसवला; चारही बोल्ट हाताने फिरले.

हे काम शिकू पाहणाऱ्या आयटीआयच्या मुलामुलींना एवढंच सांगणं: फ्रीकॅड मोफत आहे, वर्निअर मात्र चांगला घ्या. आधी मोजायला शिका, मग माउस धरा.