एक बरोबर दोन, कारण...

अ आणि ब या दोन समान संख्या घ्या आणि पुढच्या सात ओळी सावकाश वाचा.

अ = ब
अ² = अब
अ² − ब² = अब − ब²
(अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब)
अ + ब = ब
२ब = ब
२ = १

आठवी-नववीच्या बीजगणिताबाहेरचे यात काहीही नाही. दोन्ही बाजूंना अ ने गुणले, ब² वजा केला, अवयव पाडले, दोन्हीकडचा समान अवयव काढून टाकला आणि अ च्या जागी ब लिहिला. यातली प्रत्येक क्रिया शाळेत असंख्य वेळा केलेली असते. तरीही शेवटची ओळ मान्य केली, तर अंकगणित शिल्लकच राहत नाही. तिच्या दोन्ही बाजूंतून १ वजा केला की १ = ० मिळते. मग कोणत्याही संख्येने गुणा, ती संख्या शून्याइतकी ठरेल. एक खोटे विधान आत शिरले की त्याच्यामागून वाटेल ते विधान खरे म्हणून आत येऊ शकते.

अशा फसव्या सिद्धता सहसा गंमत म्हणून सांगितल्या जातात. गंमत त्यांत आहेच, पण त्यांचे मोल त्याहून पुष्कळ मोठे आहे. एखादा नियम कुठवर चालतो आणि कुठे थांबतो, हे त्या नेमके दाखवतात. गणितातल्या काही मोठ्या कल्पना तर चुकलेल्या सिद्धतेची चूक शोधतानाच हाती आल्या आहेत.

भूमितीच्या वहीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असे लिहितो आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण देतो: पक्ष, व्युत्क्रम कोन, समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू. बीजगणितात हा कंस आपण बहुधा गाळतो. वरच्या सात ओळींपुढे तो भरून पाहा. पाचव्या ओळीपाशी लिहावे लागेल, ‘दोन्ही बाजूंना (अ − ब) ने भागून’. पण पहिल्याच ओळीत अ = ब मानले आहे, म्हणजे अ − ब शून्य आहे. चौथी ओळ ‘शून्य बरोबर शून्य’ एवढेच सांगत होती आणि ते खरेच होते. पाचव्या ओळीत शून्याने भागले गेले. ‘समान अवयव काढून टाकला’ या सवयीच्या शब्दांखाली तो भागाकार लपून राहिला होता.

शून्याने भागणे आणि भास्कराचार्य

शून्याने भागायचे का नाही? भागाकार हा गुणाकाराचा उलटा प्रश्न आहे. १२ भागिले ३ म्हणजे ३ ला कितीने गुणले की १२ येतात. आता ६ भागिले ० विचारा: शून्याला कितीने गुणले की ६ येतील? अशी संख्याच नाही. मग ० भागिले ० किती? शून्याला कोणत्याही संख्येने गुणले तरी शून्यच येते, म्हणजे प्रत्येक संख्या उत्तर म्हणून चालेल. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही आणि दुसऱ्याला एक असे उत्तर नाही. म्हणून ही क्रिया वर्ज्य.

आज हे दोन ओळींत सांगता येते, पण ते स्पष्ट व्हायला शतके लागली. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम दिले, आणि शून्य भागिले शून्य हे शून्य मानले. त्यानंतर पाच शतकांनी भास्कराचार्यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांचा जन्म १११४ चा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ असे नाव दिले. तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, असे त्यांनी सांगितले.

‘लीलावती’मध्ये याच विषयाचे एक विलक्षण उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्या राशीत तिचेच निम्मे मिळवले, तिप्पट केली आणि शून्याने भागले, तर ६३ आले. मूळ संख्या कोणती? उत्तर १४. भास्कराचार्यांची रीत अशी की, पुढे शून्याने भागायचे असेल, तर शून्याने गुणलेली संख्या लगेच शून्य करून टाकायची नाही. गुणक शून्य आणि भाजक शून्य एकमेकांना छेदतात आणि संख्या जशीच्या तशी राहते. १४ ची दीडपट २१, तिची तिप्पट ६३.

या उदाहरणात शून्याच्या जागी कितीही लहान, पण शून्य नसलेली संख्या ठेवली तर १४ हे उत्तर अगदी बिनचूक येते. कलनशास्त्रात पुढे ज्या ‘सीमे’च्या कल्पनेने क्रांती केली, तिच्या जवळपास हा विचार पोहोचला होता. नेमके शून्य ठेवले, तर मात्र याच रीतीने १ × ० = २ × ० यावरून १ = २ काढता येते. त्या काळच्या श्रेष्ठ गणितज्ञाची रीत आणि आपल्या सात ओळींतली चूक यांच्यामध्ये एवढेच अंतर आहे, यावरून हा प्रश्न किती नाजूक होता ते कळते.

डोळ्यांसमोरचा पुरावा

‘आकड्यांचे सोडा, डोळ्यांनी दिसेल ते खरे,’ असे म्हणणाऱ्यांसाठी भूमितीत एक जुने कोडे आहे. पुठ्ठ्यावर ८ × ८ चौकटींचा चौरस आखा. त्याचे ३ × ८ आणि ५ × ८ असे दोन आयत करा. पहिला आयत कर्णावर कापा म्हणजे दोन काटकोन त्रिकोण मिळतील. दुसरा आयत तिरका कापून दोन सारखे समलंब चौकोन करा. प्रत्येकाच्या समांतर बाजू ३ आणि ५ आणि त्यांच्यातले अंतर ५. आता हे चार तुकडे नव्याने जुळवले की ५ × १३ चा आयत तयार होतो. चौरसाचे क्षेत्रफळ ६४, आयताचे ६५. पुठ्ठा तोच, एक चौकट वाढली कुठून?

इथेही कारणाचा कंस रिकामा आहे. त्रिकोणाची आणि समलंब चौकोनाची तिरकी बाजू मिळून आयताचा कर्ण बनतो, हे आपण पाहून ठरवले, तपासले नाही. त्रिकोणाची तिरकी बाजू ८ चौकटी पुढे जाताना ३ चौकटी चढते, म्हणजे तिचा चढ ०.३७५. समलंब चौकोनाची तिरकी बाजू ५ पुढे जाताना २ चढते, म्हणजे चढ ०.४. दोन चढ वेगळे असल्याने ती सरळ रेषा नाहीच. आयताच्या मधोमध एक लांबट, अरुंद समांतरभुज चौकोन रिकामा राहतो आणि त्याचे क्षेत्रफळ बरोबर १ आहे. चौकट एक सेंटिमीटरची असेल, तर ही फट सुमारे १.२ मिलिमीटर रुंद असते. कात्रीच्या कडेत आणि पेन्सिलीच्या रेघेत ती सहज दडते.

३, ५, ८, १३ या संख्यांमध्येही मेख आहे. या फिबोनाची क्रमिकेतल्या लगतच्या संख्या आहेत. तिच्यात मधल्या संख्येचा वर्ग आणि तिच्या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार यांत नेहमी एकाचाच फरक असतो. कॅसिनी यांनी १६८० मध्ये हे दाखवले. म्हणून ८ × ८ = ६४, तर ५ × १३ = ६५. पुढच्या संख्या घेतल्या की उलटे होते: १३ × १३ = १६९, तर ८ × २१ = १६८. संख्या जितक्या मोठ्या, तितकी फट बारीक आणि डोळ्यांची फसगत पक्की.

अनंताच्या हद्दीत

बेरजेत पदे कोणत्याही क्रमाने घेतली, कुठेही कंस टाकले, तरी उत्तर बदलत नाही, हे आपण पहिलीपासून गृहीत धरतो. पण हा नियम मर्यादित पदांसाठी आहे. १ − १ + १ − १ + ... ही कधीच न संपणारी श्रेणी पाहा. दोन-दोन पदांचे कंस केले की (१ − १) + (१ − १) + ..., बेरीज शून्य. पहिले १ बाहेर ठेवून कंस केले की १ − (१ − १) − (१ − १) − ..., बेरीज एक. म्हणजे ० = १. इटलीतले गणितज्ञ ग्विदो ग्रांदी यांनी १७०३ मध्ये ही श्रेणी चर्चेत आणली. तिची बेरीज अर्धा मानावी, या मताला लाइबनिट्स यांच्यासारख्या थोर गणितज्ञानेही मान्यता दिली. कोशी यांनी १८२१ च्या आपल्या ग्रंथात शिस्त घातली: आंशिक बेरजा एका ठरावीक संख्येजवळ जात असतील, तरच श्रेणीला बेरीज आहे. ग्रांदींच्या श्रेणीत त्या १ आणि ० यांमध्येच हेलकावत राहतात, म्हणून तिला या अर्थाने बेरीजच नाही.

बेरीज असलेल्या श्रेणीतही क्रम बदलण्याची मुभा सरसकट नाही. १ − १/२ + १/३ − १/४ + ... हिची बेरीज सुमारे ०.६९३ आहे. याच पदांतून प्रत्येक धन पदामागे दोन ऋण पदे घेतली, १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + ..., तर बेरीज बरोबर निम्मी होते. एकही पद गाळलेले नाही, एकही नवे घेतलेले नाही. अशा श्रेणीची पदे क्रम बदलून हव्या त्या बेरजेपर्यंत नेता येतात, हे रीमान यांनी १८५४ च्या प्रबंधात सिद्ध केले.

१९१३ मध्ये रामानुजन यांनी हार्डींना लिहिले की, आपल्या सिद्धान्तानुसार १ + २ + ३ + ४ + ... याचे उत्तर −१/१२ येते. हे वाचून तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल, अशा अर्थाचे वाक्यही त्यांनी पुढे जोडले होते. रामानुजन चुकले नव्हते. ‘आपल्या सिद्धान्तानुसार’ हे शब्द तिथे महत्त्वाचे होते, कारण बेरजेची व्याख्या त्यांनी विस्तारली होती. ती व्याख्या वगळून हेच विधान नुसती करामत म्हणून सांगितले जाते, तेव्हा ते फसवे होते.

अकरा वर्षे टिकलेली चूक

चुका फक्त कोड्यांतच असतात असे नाही. नकाशातल्या लगतच्या प्रदेशांना वेगळे रंग द्यायला चार रंग नेहमी पुरतात का, हा प्रश्न १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री यांना इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना पडला. १८७९ मध्ये लंडनचे वकील आल्फ्रेड केंप यांनी त्याची सिद्धता प्रसिद्ध केली आणि ती मान्यही झाली. १८९० मध्ये पर्सी हीवूड यांनी तिच्यातली उणीव दाखवली. केंप यांनी एका टप्प्यावर रंगांच्या दोन अदलाबदली एकदम केल्या होत्या. सुटी पाहिली तर प्रत्येक अदलाबदल बरोबर होती, पण पहिली झाल्यावर दुसरी शक्य राहीलच, याला आधार नव्हता. हीवूड यांनी २५ प्रदेशांचा एक नकाशा देऊन तिथे ही युक्ती कशी अडते ते दाखवले. चार रंग अपुरे आहेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ‘म्हणून’ हा शब्द एका जागी विनाकारण आला, एवढेच त्यांनी सिद्ध केले.

केंप यांचे काम मात्र वाया गेले नाही. त्यांच्याच युक्तीने हीवूड यांनी पाच रंग नेहमी पुरतात हे पक्के केले. १९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात केनेथ अॅपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने चार रंगांचे प्रमेय सिद्ध केले, तेव्हाही पाया केंप यांच्याच कल्पनांचा होता. २००५ मध्ये जॉर्ज गाँतिए यांनी या प्रमेयाच्या सिद्धतेची प्रत्येक पायरी, तिच्या कारणासह, संगणकाकडून तपासून घेतली.

पॅरिसमध्ये १ मार्च १८४७ रोजी गाब्रिएल लामे यांनी फेर्माचे शेवटचे प्रमेय सुटल्याचे जाहीर केले, त्याची कथाही अशीच. संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हा साध्या पूर्णांकांचा नियम त्यांनी नव्या प्रकारच्या संख्यांना लावला होता. याला आधार काय, हे लिऊव्हिल यांनी त्याच सभेत विचारले. आधार नव्हताच. असा नियम तिथे मोडू शकतो, हे जर्मनीत कुमर यांनी आधीच दाखवले होते. मोडलेला नियम सावरण्यासाठी कुमर यांनी मांडलेल्या कल्पनेतून पुढे बैजिक संख्याशास्त्राची मोठी शाखा उभी राहिली.

विद्यार्थ्यांना खोट्या सिद्धता दाखवाव्यात, ही कल्पना नवी नाही. युक्लिडने फसव्या युक्तिवादांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. नवशिक्यांना चूक ओळखण्याचा सराव व्हावा, हा त्याचा हेतू होता, असे प्रोक्लस सांगतो. ‘मूलतत्त्वे’ आपल्यापर्यंत पोहोचली, हा ग्रंथ मात्र काळाच्या ओघात हरवला. आपल्या वर्गांतही नेमके तेच झाले आहे. बरोबर सिद्धता पाठ होतात, पायऱ्यांचे गुण मिळतात, आणि पायरी का चालते हे विचारायचे राहून जाते.

गणिताच्या शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे: महिन्यातून एकदा तरी फळ्यावर एक चुकीची सिद्धता लिहा आणि चूक शोधायला मुलांना पूर्ण तास द्या. पालकांनी हेच घरी करावे. उत्तर चुकले आहे हे सांगून थांबू नका, कोणत्या ओळीत आणि कोणत्या कारणाने चुकले ते मुलांकडूनच काढून घ्या. ज्या मुलाने २ = १ मधली पाचवी ओळ स्वतः पकडली, त्याला शून्याने का भागत नाहीत हे पुन्हा सांगावे लागत नाही.