रस्ता मोकळा करणारा माणूस: मेजर रामा राघोबा राणे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा माणूस म्हणजे मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र. हे पदक त्यांना कशासाठी मिळालं, हे एका वाक्यात सांगायचं तर रस्ता मोकळा केला म्हणून. गंमत करत नाहीये. त्यांचं मानपत्र वाचा. त्यात समोरासमोरची झुंज नाही, संगीन घेऊन केलेली चढाई नाही. त्यात सुरुंग काढणं आहे, आडवी पडलेली झाडं उडवणं आहे, फुटलेल्या मोरीला वळसा घालून वाट करणं आहे, आणि प्रत्येक कामापुढे वेळ लिहिलेली आहे. ११००, १६३०, २२००, ०६००. मी रोज सर्व्हरचे लॉग वाचतो. हे मानपत्र मला तसंच वाटलं. फरक एवढाच, की हा लॉग लिहिला गेला तेव्हा वरून मशीनगन चालू होती.

आधी माणूस. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. गोव्याच्या दक्षिण टोकाला लागून असलेला हा मुलूख. वडील पोलीस कॉन्स्टेबल. त्यांच्या बदल्या व्हायच्या, त्यामुळे पोराच्या शाळाही बदलत गेल्या. १९४० मध्ये, बावीस वर्षांचे असताना, राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. हीच आजची बॉम्बे सॅपर्स, पुण्यात खडकीला ज्यांचं केंद्र आहे. जुन्या लोकांच्या तोंडी एक छान शब्द होता, 'सफरमैना'. सॅपर्स अँड मायनर्सचं हे आपलं देशी रूप. काय सुरेख मोडतोड आहे बघा.

आता सॅपर म्हणजे कोण? लष्करातला इंजिनिअर. पूल बांधणं, पूल उडवणं, रस्ता करणं, पाण्याची सोय करणं, सुरुंग पेरणं आणि सुरुंग काढणं ही त्याची कामं. बाकीचं सैन्य पुढे सरकावं किंवा शत्रू पुढे सरकू नये, हे तो बघतो. आमच्या स्टँडअपमध्ये रोज विचारतात, "काही ब्लॉकर?" आमच्याकडे ब्लॉकर म्हणजे कुणाची तरी परवानगी अडकलेली असते. सॅपरकडे ब्लॉकर म्हणजे खरोखरचं आडवं पडलेलं झाड, आणि त्याच्या बुंध्याभोवती पेरलेले सुरुंग.

आता १९४८ च्या एप्रिलमध्ये या. जम्मूच्या बाजूचं राजौरी १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये हल्लेखोरांच्या हातात गेलं होतं. तिथल्या लोकांचे हाल चालले होते आणि सैन्याला लवकरात लवकर तिथे पोचायचं होतं. नौशेराहून राजौरीकडे जाणारा एकच रस्ता, तोही डोंगराच्या कडेने. पायदळ कसंही चढून जाईल, पण रणगाड्यांना रस्ता लागतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. रणगाडा वळसा तरी कुठून घालणार? हे शत्रूलाही माहीत होतं. म्हणून त्याने रस्ताच बंद करून टाकला होता.

इथे एक लष्करी तत्त्व समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. नुसता अडथळा म्हणजे अडथळा नव्हे. रस्त्यात झाड पाडलं आणि निघून गेलात, तर मागून येणारा अर्ध्या तासात ते बाजूला करेल. पण झाड पाडलं, भोवती सुरुंग पेरले आणि समोरच्या टेकडीवर त्या झाडावरच रोखलेली मशीनगन ठेवली, की मग तो खरा अडथळा. काढायला येणारा माणूस तिथे वाकून, दोन्ही हात कामात गुंतवून बसणार. त्याच्या हातात बंदूक नसेल. आणि तो घाई करू शकणार नाही. घाई का नाही, तर रणगाड्यासाठीचा सुरुंग मोठं वजन आल्यावर फुटतो, पण माणसासाठीचा सुरुंग एका पावलाने फुटतो. दोन्ही एकत्र पेरलेले असू शकतात. यंत्र नसेल किंवा त्यावर भरवसा नसेल, तेव्हा पद्धत एकच: जमिनीवर पालथं पडायचं, संगीन किंवा सळई तिरपी, साधारण ३० अंशांत, हलकेच मातीत सरकवायची, काही कठीण लागतंय का ते बघायचं, नसेल तर चार बोटं पुढे. सरळ वरून टोचली तर सुरुंगाच्या माथ्यावरच दाब पडेल.

८ एप्रिलला ४ डोग्रा बटालियनने नौशेराच्या उत्तरेला साधारण ११ किलोमीटरवर असलेल्या बारवाली धारेवर हल्ला चढवला. राणे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीचे प्रमुख म्हणून त्यांच्याबरोबर होते. सकाळी ११ वाजता त्यांची माणसं रणगाड्यांजवळ थांबली होती, काम अजून सुरूही व्हायचं होतं, आणि उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले. पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी तुकडीची पुन्हा जुळवाजुळव केली आणि काम सुरू केलं. साडेचारच्या सुमारास धार ताब्यात आली. शत्रू अजून आसपास आहे हे माहीत असूनही हे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणवाट करायला लागले. रात्री दहापर्यंत.

९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वाट तयार. रणगाडे निघाले, तर राणे सगळ्यात पुढच्या छोट्या चिलखती गाडीत. अर्धा मैल गेल्यावर आडवी झाडं. उतरले, सुरुंग लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उद्ध्वस्त मोरी, आणि वरून मशीनगन. तिथेही बाजूने वाट काढली. सव्वासहाला अंधार पडत असताना पाच मोठ्या पाइनच्या झाडांचा अडथळा आला, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे सुरुंग काढायला बसले होते, पण ताफ्याच्या प्रमुखाने परिस्थिती बघून रात्रीचा तळ टाकायला सांगितलं.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला तेच झाड. साडेसहाला ते मोकळं. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि उडवलेले भराव यांची नुसती रांग. साडेदहापर्यंत तेही साफ.

आता जो भाग येतो तो मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठा वाटतो, आणि कुणीच सांगत नाही. इथे रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले. म्हणजे त्यांचा प्रश्न सुटला. दुपारी दोनला ते चिंगसला पोचलेसुद्धा. राणेंनी टेकायला हरकत नव्हती, जखमी होते. पण रणगाड्यांच्या मागून जो ताफा येणार होता, रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांचा, तो काही नदीच्या पात्रातून जाऊ शकत नव्हता. त्याला रस्ताच लागणार. म्हणून राणे मागे राहून रस्ता साफ करत बसले. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत, न जेवता, न थांबता. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरू, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि मग पुढचा रस्ता, रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, राजौरी भारतीय सैन्याच्या ताब्यात आलं.

मी वेळांची बेरीज केली. सवय आहे. ८ तारखेच्या सकाळी ११ पासून ११ तारखेच्या रात्री १० पर्यंत एकूण ८३ तास होतात, आणि मानपत्रातल्या वेळांप्रमाणे त्यातले साधारण ५५ तास हा माणूस कामावर होता. रील्सवर 'सलग ७२ तास' असं येतं. ते आकर्षक वाटतं, पण मला ५५ जास्त भारी वाटतात. सलग ७२ तास म्हटलं की माणूस सुपरहिरो होतो. ५५ तासांत रोज रात्री थांबणं आहे, थोडं पडणं आहे, आणि रोज पहाटे, काल कुठे मशीनगन होती हे नीट माहीत असताना, पुन्हा त्याच जागी जाणं आहे. एकदा उसळून धाडस करणं वेगळं, सलग चार दिवस ते ड्युटीसारखं करणं वेगळं.

आणखी एक गोष्ट पुस्तकांतून फिरते. राणे रणगाड्याच्या खाली रांगत पुढे सरकत होते आणि दोऱ्या ओढून चालकाला 'थांब, चल' असं सांगत होते, अशी. प्रसंग जबरदस्त आहे, पण मानपत्रात तो नाही. म्हणून वरच्या हिशेबात मी तो धरलेला नाही. तो वगळूनही काही कमी पडत नाही, हे तुम्ही आत्ताच वाचलंत.

'सेकंड लेफ्टनंट राणे' असं वाचलं की मला आधी मिसरूड फुटलेला, अकॅडमीतून नुकता बाहेर पडलेला मुलगा दिसायचा. हुद्दा तसाच आहे. पण तारखा बघा. त्यांना अधिकारीपद मिळालं १५ डिसेंबर १९४७ ला, म्हणजे या कारवाईच्या चार महिनेही आधी नाही. त्याआधी साडेसात वर्षं ते जवानापासून एकेक पायरी चढत आले होते. वय २९. माझ्याच वयाचे. दुसऱ्या महायुद्धात २६ व्या डिव्हिजनबरोबर ते ब्रह्मदेशात होते. आराकानमधून डिव्हिजन मागे घेतली तेव्हा बुथिदाऊंगला जपान्यांच्या हाती काही लागू नये म्हणून महत्त्वाची ठिकाणं उडवायला मागे ठेवलेल्या माणसांत राणे होते. काम झाल्यावर नौदलाचं जहाज येऊन नेईल असं ठरलं होतं. जहाज आलं नाही. जपानी गस्त असलेली नदी त्यांनी स्वतःच पार केली आणि आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. तर १९४८ मध्ये त्या झाडापाशी वाकलेला माणूस कागदावर नवखा होता, हाताने मुळीच नव्हता.

या घराण्यात, म्हणजे बॉम्बे सॅपर्समध्ये, असं काम आधीही झालं होतं. १९४१ मध्ये प्रेमिंद्रसिंग भगत या तरुण अधिकाऱ्याने आफ्रिकेत चार दिवसांत ५५ मैलांच्या पट्ट्यातली १५ सुरुंगक्षेत्रं साफ करून घेतली, कानाचा पडदा फाटलेला असताना. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

राणेंचं परमवीर चक्र जाहीर झालं १९५० मध्ये. १९४७-४८ च्या लढाईसाठी ते पाच जणांना मिळालं. त्यातले तिघे गेले होते. स्वतः पदक घेऊ शकले ते दोघेच, करम सिंग आणि राणे. आणि इथे बहुतेक व्हिडिओ संपतात. पण राणे त्यानंतरही लष्करात होते. एकूण २८ वर्षांची नोकरी, पाच वेळा 'मेन्शन्ड इन डिस्पॅचेस', म्हणजे वरिष्ठांच्या अधिकृत अहवालात उल्लेखनीय कामगिरीसाठी नाव येणं. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ ला पुण्यात कमांड हॉस्पिटलमध्ये वारले.

नाव राहिलंय, नाही असं नाही. शिपिंग कॉर्पोरेशनने १९८० च्या दशकात आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणेंचं होतं. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानच्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं मिळाली, त्यात एक त्यांचं. आणि कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, आयएनएस चपळ ही युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवलीय तिथे, त्यांचा पुतळा आहे. गोकर्णला गाडीने जाताना आम्ही मित्र तिथे थांबलो होतो, चहासाठी. बरेचसे लोक युद्धनौकेसमोर सेल्फी काढत होते. पुतळा महामार्गाच्या अगदी जवळ आहे, दिवसभर समोरून ट्रक जात असतात. सॅपरच्या पुतळ्याला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये हे पदक ज्यांनी डिझाइन केलं त्या सावित्रीबाई खानोलकर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईने भारतात येऊन लष्करातल्या मराठी माणसाशी लग्न केलं आणि परमवीर चक्रावर इंद्राचं वज्र कसं आणलं, ते ऐकू. कुणाच्या घरात बॉम्बे सॅपर्समधले आजोबा असतील तर मला जरूर मेसेज करा. त्यांच्याकडून 'सफरमैना' हा शब्द ऐकायचाय.