हिऱ्याच्या पातळ थराची पेरणी : संकल्पना आणि परिभाषा

प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, पदार्थविज्ञानाचा नाही. तरीही या विषयाकडे वळण्याचे कारण भाषिकच आहे. बिदर-कलबुर्गी सीमाभागातील अनेक विद्यार्थी मराठी, उर्दू किंवा कन्नड माध्यमातून दहावी होतात आणि विज्ञानाच्या वर्गात एकदम इंग्रजीला सामोरे जातात. 'न्यूक्लिएशन' हा शब्द आला की त्याचा संबंध ते अणूच्या केंद्रकाशी जोडतात आणि पुढचे सगळे विवेचन भलत्याच वाटेने जाते. हिऱ्याच्या थराचे उदाहरण घेतल्यास हा घोटाळा लवकर सुटतो, असे आमचे मत आहे.

हिरा हे कार्बनचे एक रूप. निसर्गात तो भूगर्भातील प्रचंड दाबाखाली बनतो. परंतु कमी दाबावर, वायूपासूनही तो वाढवता येतो. 1980 च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संघात देर्यागिन व स्पित्सिन यांनी आणि जपानमध्ये मात्सुमोतो व सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रस्थापित केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या भौतिकशास्त्र विभागात देवीशंकर मिश्र यांच्या गटाने या थरांवर काम केले. हायड्रोजनमध्ये सुमारे एक टक्का मिथेन मिसळून ते मिश्रण 2000 अंशांहून अधिक तापलेल्या टंगस्टनच्या तारेवरून किंवा मायक्रोवेव्ह प्लाझ्मातून नेतात. समोर सिलिकॉनची चकती 700 ते 900 अंश सेल्सिअसवर ठेवलेली असते. तिच्यावर हिऱ्याबरोबर ग्राफाइटही बसू पाहते, पण अणुरूप हायड्रोजन ग्राफाइटला हिऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने खाऊन टाकतो.

खरी अडचण आरंभाची आहे. गुळगुळीत सिलिकॉनवर हिरा आपणहून सहसा सुरू होत नाही. दोघांची स्फटिकरचना एकाच घाटाची असली तरी सिलिकॉनच्या जाळीची लांबी 0.543 नॅनोमीटर, हिऱ्याची 0.357. शिवाय चार-दोन अणूंचा नवजात पुंजका टिकण्याआधीच विरून जातो. परिणामी एका चौरस सेंटिमीटरवर साधारण लाखभर स्फटिकच रुजतात. लाख ही संख्या मोठी वाटते. गणित करून पाहावे : दोन स्फटिकांतील सरासरी अंतर सुमारे 32 मायक्रोमीटर येते. प्रत्येकाने 16 मायक्रोमीटर पसरल्याशिवाय ते एकमेकांना भिडणार नाहीत. तासाला एक मायक्रोमीटर या वेगाने सोळा तास! तेवढ्यात थर जाड आणि खडबडीत होतो. ज्याला पातळ थर हवा त्याच्या हाती भोकांची चाळण येते.

पूर्वी यावर उपाय म्हणून चकती हिऱ्याच्या भुकटीने घासत असत. संख्या शेकडो पटींनी वाढे. ओरखड्यांत हिऱ्याचे कण अडकून राहत आणि तेच पुढे वाढत, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण. पण पृष्ठभाग खराब होई तो होईच. बिदरी कामात कोरलेल्या खाचेतच चांदी धरते, तिथे खाच हवीच असते. येथे ती नको असते.

आता वापरतात ते स्फोटजन्य नॅनोहिरे. टीएनटी व आरडीएक्सचा बंद कोठीत स्फोट केला असता त्यांतल्याच कार्बनपासून 4-5 नॅनोमीटरचे हिरकण मिळतात. (युद्धसामग्रीतून हे निघावे, ही गंमतच.) हे कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, ते सुटे करणे हेच मोठे काम. हायड्रोजनमध्ये तापवून प्रक्रिया केलेल्या कणांवर पाण्यात धन प्रभार येतो, तर सिलिकॉनवरील ऑक्साइडचा थर ऋण असतो. चकती या द्रावात बुडवून श्राव्यातीत लहरी दिल्या की कण ओढले जाऊन बसतात. बसलेले कण पुढच्या समप्रभारी कणांना दूर ढकलतात, त्यामुळे ढीग साचत नाही. नंतर चकती धुऊन, वेगाने फिरवून सुकवतात. अशा रीतीने एका चौरस सेंटिमीटरवर दहा हजार कोटी कण बसवता येतात. संख्या दहा लाख पट झाली, म्हणजे अंतर हजार पटींनी घटले : 32 नॅनोमीटर. सोळा तासांचे काम, कागदावर तरी, एका मिनिटावर आले. प्रत्यक्षात कण सारख्या अंतरावर बसत नाहीत, म्हणून थोडे अधिक लागते. तरी 100 नॅनोमीटरहून पातळ अखंड थर मिळू शकतो.

आता शब्दाकडे. 'बीज', 'पेरणी', उर्दूतील 'तुख्मरेजी' हे शब्द सोयीचे आहेत, पण पुरते नेमके नाहीत. कलबुर्गीचा तूर पिकवणारा शेतकरी दोन ओळींत मुद्दाम अंतर राखतो. येथे दाटीच हवी. शिवाय बी फुटून त्यातून वेगळेच रोप येते, हा कण मात्र हिराच असतो आणि हिराच राहतो. आलेले अणू त्याच्याच रचनेत जुळत जातात. त्या दृष्टीने 'विरजण' किंवा 'जामन' अधिक जवळचे, कारण दही लावायला दहीच लागते. वर्गात दोन्ही शब्द वापरावेत आणि प्रत्येक कोठे तोकडा पडतो तेही सांगावे, असे सुचवावेसे वाटते.

थर खरोखर हिऱ्याचा आहे का, हे तपासण्याची मुख्य रीत 1928 च्या रामन परिणामावर आधारलेली आहे. बेंगळुरूत राहून रामन यांनी पुढे हिऱ्याचा दीर्घ अभ्यास केला. वर्णपटात 1332 प्रतिसेंटिमीटरला अणकुचीदार रेषा दिसली तर तो हिरा. 1580 च्या आसपासचा रुंद उंचवटा ग्राफाइटसदृश कार्बनचा. मात्र दृश्य प्रकाशात असा कार्बन हिऱ्यापेक्षा कितीतरी ठळक दिसतो, त्यामुळे अतिसूक्ष्म कणांच्या थरात तो उंचवटा दिसला म्हणून थर लगेच टाकाऊ ठरवत नाहीत.