‘आय, टोन्या’ : हशा आणि आरोप

६ जानेवारी १९९४ रोजी डेट्रॉइट येथे स्केटिंगपटू नॅन्सी केरिगनच्या गुडघ्याच्या किंचित वर जो दांडका बसला, त्याच्या तपासात अडथळा आणल्याची कबुली देऊन आजन्म बंदीची सजा पदरी घेतलेल्या तिच्या प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंगवरील चित्रपट २०१७ साली आला, तेव्हा एके काळी जिला चवीने खलनायिका ठरविले, तिच्याविषयी कित्येकांना अनुकंपा वाटू लागली. पतीच्या मारहाणीची दृश्ये विनोदाच्या अंगाने रंगविल्यामुळे पिकणारा हशा मात्र काहींना असह्य झाला. मार्गो रॉबीची टोन्या कॅमेऱ्याकडे रोखून पाहत खुद्द प्रेक्षकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, तेव्हा तो हशा घशातच अडकावा अशी योजना आहे खरी. तरी तो आक्षेप मला रास्त वाटतो. टोन्याच्या निर्दय आईच्या भूमिकेबद्दल ॲलिसन जॅनीला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.