उंच मुलगा

उंच मुलगा दिसला की आम्ही शिक्षक त्याला थेट व्हॉलीबॉलच्या संघात घालतो. सोलापुरातल्या आमच्या शाळेत आम्हीही तेच केलं. लांब बोटं, जाड भिंगाचा चष्मा, वाकलेली पाठ रोज दिसायची. सगळं एकत्र कधी पाहिलं नाही. "मामूवर गेलाय," त्याची अम्मी कौतुकानं म्हणायची. तो मामू चाळिशीच्या आतच छातीत कळ येऊन गेला होता.

नेत्रतज्ज्ञांना भिंग सरकलेलं दिसलं. त्यांनी टूडी इको करायला पाठवलं, तेव्हा महाधमनी फुगलेली निघाली. मार्फान सिंड्रोम! यात शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊतींतलं फायब्रिलिन हे प्रथिन सदोष असतं. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असतानाच महाधमनी फाटून गेली. तिचा आजार मृत्यूनंतर कळला.

हृदय, डोळे, हाडं, जनुकं: चौघा तज्ज्ञांचे कागद एकाच फाइलीत हवेत. मुंबईचं केईएम हे दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारचं मान्यताप्राप्त केंद्र आहे.

"आमचा निकाह नात्यातला, म्हणून झालं का?" अम्मीनं विचारलं. नाही. आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष येतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. (अशा ऊतींचे काही दुसरे आजार मात्र नात्यातल्या लग्नानं वाढतात.)

मुलगा आता गोळ्या घेतो, मैदानाबाहेर बसून गुण लिहितो. बहिणीचीही इको सांगितली आहे. तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, म्हणून घरचे थांबलेत. रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.