असईपासून शिंदे घाटापर्यंत : काशीतली नावेची फेरी

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, केळना नदीच्या परिसरात असई नावाचं छोटं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांच्या फौजा इथे आर्थर वेलस्लीशी लढल्या. मराठे हरले. वर्ष सरायच्या आत भोसल्यांनी देवगावचा आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. शाळेच्या पुस्तकात असईची गोष्ट तिथे संपते. गंगेच्या काठी मात्र तिचा एक वेगळा पदर पाहायला मिळतो. काशीत मणिकर्णिका घाट ओलांडला की शिंदे घाट लागतो आणि त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर भोसले घाट. असईला एका बाजूने लढलेली ही दोन घराणी काशीच्या काठावर शेजारी म्हणून उभी आहेत. गल्लीबोळांतून चालणाऱ्या यात्रेकरूला हा शेजार उमगत नाही. तो दिसतो नावेतून.

मराठवाड्यातून दरवर्षी असंख्य माणसं मनमाडमार्गे काशीला जातात. विश्वनाथाचं दर्शन, गंगास्नान, श्राद्ध, संध्याकाळची आरती आणि परतीची गाडी असा बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. नावेत बसणं हा त्या क्रमातला किरकोळ भाग, तोही आरतीपुरता. खरं तर काशी पाहण्याची सगळ्यांत निवांत आणि सगळ्यांत पूर्ण रीत म्हणजे अस्सी घाटापासून आदिकेशव घाटापर्यंत नावेने जाणं. मराठी माणसासाठी या फेरीला आणखी एक अर्थ आहे. आपल्या माणसांनी घरापासून शेकडो मैलांवर काय उभारलं, ते एका सकाळी सलग पाहता येतं.

नदी उलटी वळते तिथे

हिमालयातून निघालेली गंगा मैदानातून पूर्वेकडे वाहते. काशीला मात्र ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. या वळणाच्या पश्चिम काठावर चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या टणक मातीचा उंच पट्टा आहे. स्थानिक लोक या खड्यांना कंकर म्हणतात. नदी बाहेरच्या काठावर आदळत राहते, पण हा काठ सहजी ढासळत नाही, म्हणून त्यावर शहर टिकलं. समोरचा पूर्व काठ सखल आणि वाळूचा. पुराचं पाणी तिकडे पसरतं, त्यामुळे तिकडे वस्ती वाढली नाही.

काशीचं सगळं सौंदर्य या रचनेत आहे. शहर एकाच काठावर, तेही पूर्वाभिमुख. सूर्य वाळूच्या बाजूने उगवतो आणि पहिली किरणं थेट घाटांवर पडतात. सकाळच्या नावेत बसलेल्या माणसाच्या पाठीशी सूर्य असतो आणि समोर साडेसहा किलोमीटर लांबीची दगडी पायऱ्यांची ओळ उजळत जाते. हे घाट 84 मानले जातात.

त्यांचा दगड बहुतांशी चुनारचा. चुनार काशीच्या वरच्या अंगाला गंगेवरच आहे. तिथल्या खाणींतला पिवळसर-तांबूस वालुकाश्म नावांमध्ये भरून प्रवाहाबरोबर खाली आणता येत असे. नदीनेच आपल्या काठाचा दगड वाहून आणला, असं म्हटलं तरी चालेल.

पायऱ्या इतक्या उंच का, याचं उत्तर पावसाळ्यात मिळतं. काशीला गंगेची धोक्याची पातळी 71.26 मीटर आहे. 1978 च्या पुरात पाणी 73.90 मीटरपर्यंत चढलं होतं. अशा दिवसांत खालच्या पायऱ्या, छोटी देवळं, घाटांमधला पायी जाण्याचा रस्ता सगळं बुडतं आणि नावा बंद होतात. पाणी कितीही खाली-वर झालं तरी माणसाला त्याच्यापर्यंत पोचता यावं, यासाठी घाट बांधले गेले. ती आधी गरज होती, शोभा मागून आली.

नाव, बजडा आणि क्रूझ

काशीत नाव चालवणारा समाज मल्लाह किंवा निषाद म्हणून ओळखला जातो. ‘मांझी’ हा शब्दही चालतो. कोणत्या घाटावर कोणाची नाव लागायची, हे पिढ्यान् पिढ्या घराण्यांमध्ये ठरत आलं आहे. नावाडी नदीची खोली, भोवरे, हंगामाप्रमाणे सरकणारी वाळू हे सगळं लहानपणापासून शिकलेला असतो. यात्रेकरूंना पलीकडे नेणं, अस्थिविसर्जनाला मधल्या धारेत नेणं, पुरात माणसं वाचवणं ही त्यांची जुनी कामं. पर्यटकांना घाट दाखवणं हे त्यांत भर पडलेलं नवं काम.

सर्वांत साधी ती वल्ह्यांची लाकडी नाव. चार-सहा माणसं बसतात, आवाज होतो तो फक्त वल्ह्यांचा. त्याहून मोठा, वर गच्ची असलेला तो बजडा. पूर्वी राजेरजवाड्यांचे बजडे होते, आता बहुतेक मोटरीवर चालतात. डिझेल इंजिनांचा धूर आणि आवाज हा काशीच्या नदीवरचा मोठा त्रास होता. 2021-22 पासून ‘गेल’ या गॅस कंपनीच्या मदतीने शेकडो नावांची इंजिनं सीएनजीवर नेण्यात आली. त्यांच्यासाठी नमो घाटावर, म्हणजे पूर्वीच्या खिडकिया घाटावर, पाण्यात तरंगणारं सीएनजी केंद्र उभं राहिलं. सकाळची हवा त्यामुळे बरीच सुसह्य झाली आहे.

मोठी क्रूझ काशीत आली 2018 मध्ये, ‘अलकनंदा’ या दुमजली, वातानुकूलित नौकेच्या रूपाने. पाठोपाठ आणखी काही नौका आल्या. 13 जानेवारी 2023 रोजी ‘एमव्ही गंगा विलास’ इथूनच दिब्रुगडला निघाली. सुमारे 3,200 किलोमीटर आणि 51 दिवसांचा हा प्रवास बांगलादेशातून आसामपर्यंतचा. वयस्कर आई-वडिलांना घेऊन गेलेल्या कुटुंबाला क्रूझ सोयीची पडते. चढ-उतर सोपी, बसायला नीट जागा, उन्हापासून आडोसा. पण घाटाच्या जवळून, थांबत थांबत, विचारत विचारत जायचं असेल तर वल्ह्यांच्या नावेला पर्याय नाही.

अस्सी ते दशाश्वमेध

फेरी दक्षिणेकडून, अस्सी घाटापासून सुरू करावी. प्रवाहाच्या दिशेने गेल्याने नावाड्याचे श्रम वाचतात आणि घाट क्रमाने डाव्या हाताला येत राहतात.

अस्सीजवळ भदैनी हा भाग लागतो. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा काशीत राहत असत. त्यांच्या सेवेत मोरोपंत तांबे होते. त्यांची मुलगी इथे जन्मली, तिचं नाव मणिकर्णिका. पुढे तीच झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. तिच्या जन्मस्थानी आज स्मारक आहे. मग तुलसी घाट, काशीनरेश चेतसिंगाचा किल्ला, आणि हनुमान घाट. समर्थ रामदासांचा जन्म 1608 मध्ये जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबला झाला. भारतभ्रमणात ते काशीला आले होते आणि हनुमान घाटावरच्या मारुतीशी त्यांचं नाव परंपरेने जोडलं जातं. घनसावंगी तालुक्यातल्या माणसाने इथे क्षणभर नाव थांबवायला सांगितली, तर नावाडी आनंदाने थांबवतो.

हरिश्चंद्र घाटाच्या चिता मागे पडतात, केदार घाटाचे लाल-पांढरे पट्टे दिसतात आणि पुढे राजा घाट येतो. पेशवाईच्या भाऊबंदकीत मागे पडलेले अमृतराव पेशवे इंग्रजांची नेमणूक घेऊन काशीला येऊन राहिले. त्यांनी हा घाट दगडात बांधून काढला. थोडं पुढे नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचा मुन्शी घाट आणि त्याला लागून अहिल्याबाई घाट.

अहिल्याबाई होळकर हे नाव जालना जिल्ह्याला घरचं आहे. अंबडचं खंडोबाचं मंदिर त्यांनीच बांधलं. गोदाकाठच्या परगण्यात मंदिर बांधणाऱ्या याच बाईने 1780 मध्ये काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर उभं केलं. मणिकर्णिका घाटाच्या जीर्णोद्धाराचं श्रेयही त्यांनाच आहे. चौंडीत जन्मलेल्या एका मुलीने काशीच्या जगप्रसिद्ध देवळाला आकार दिला, ही गोष्ट विश्वनाथाच्या रांगेत उभं राहून जितकी जाणवते, त्याहून अधिक नदीवरून जाणवते. 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं आणि मंदिराचा परिसर थेट गंगेपर्यंत मोकळा झाला. नावेने येऊन पायऱ्या चढून दर्शनाला जाणं त्यामुळे शक्य झालं. त्या परिसरात अहिल्याबाईंचा पुतळाही आहे.

अहिल्याबाई घाटाच्या पुढे दशाश्वमेध. अठराव्या शतकात पेशव्यांच्या काळात त्याला दगडी रूप आलं. रोजची भव्य गंगाआरती इथलीच. संध्याकाळी समोर नावा एकमेकींना लागून उभ्या राहतात आणि पाण्यावर दुसरा घाट तयार होतो.

मणिकर्णिका ते पंचगंगा

मणिकर्णिकेपाशी नावाडी आवाज खाली आणतो. इथे चिता रात्रंदिवस जळत असतात. या घाटाचे फोटो काढू नयेत, आणि हे नावाड्याने सांगण्याची वेळ आपण येऊ देऊ नये. मृत्यू इतक्या उघडपणे, इतक्या शांतपणे मांडलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल.

लगेच पुढे एका बाजूला कललेलं, पाण्यात अर्धं उभं असलेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ दिसतं आणि शिंदे घाट सुरू होतो. हा घाट 1830 च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधायला घेतला. बायजाबाई कागलच्या घाटग्यांची मुलगी, असईला लढलेल्या दौलतरावांची पत्नी. 1827 मध्ये दौलतराव गेल्यावर ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी काही वर्षं स्वतः चालवला. विश्वनाथ मंदिराजवळच्या ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडपही त्यांनीच 1828 मध्ये बांधला. त्यांचा घाट मात्र इतका जड झाला की खालची जमीन खचली. पुढे विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. संकठा घाट ओलांडला की नागपूरकरांचा भोसले घाट, भिंतीसारखा उंच आणि भरभक्कम, वर लक्ष्मीनारायणाचं मंदिर.

असईचा पराभव झाल्यावरही या घराण्यांनी काशीकडे पाठ फिरवली नाही. राज्य आक्रसलं, फौजा गेल्या, तरी नदीकाठी पायऱ्या बांधण्याचं काम चालू राहिलं. इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी आजची काशी बहुतांशी मराठ्यांनी घडवल्याचं मत मांडलं होतं. नावेतून पाहताना त्या विधानाची खात्री पटते.

पंचगंगा घाट या फेरीचा कळस. वर औरंगजेबाने बांधलेली मशीद. बिंदुमाधवाचं जुनं देऊळ याच जागी होतं. आजचं बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. घाटावर शेकडो दिव्यांचा दगडी दीपस्तंभ, म्हणजे हजारा, आहे. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीत तो उजळतो आणि त्या रात्री सगळा काठ पणत्यांनी भरून जातो. याच तिथीला, शके 1495 म्हणजे 1573 साली, पैठणच्या एकनाथांनी काशीत आपलं भागवत पूर्ण केलं. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ संस्कृत विद्येच्या राजधानीत पुरा झाला, ही त्या तिथीची आपल्यासाठीची खरी ओळख.

पैठण आणि काशी यांची ये-जा त्याहूनही जुनी. पैठणचे रामेश्वर भट्ट काशीला स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी तीर्थयात्रेवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. ‘निर्णयसिंधु’चे कर्ते कमलाकर भट्ट याच घराण्यातले आणि 1674 मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या नांदली. हिंदी पत्रकारितेतलं मोठं नाव, ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर, हेही काशीत जन्मलेले मराठी. गोदेकाठची विद्या गंगेकाठी रुजली आणि तिथलीच होऊन राहिली.

पुढे 1887 चा राजघाटाचा लोखंडी पूल, खाली रेल्वे... आणि त्यापलीकडे वरुणेच्या संगमावर आदिकेशव. तिथे फेरी पुरी होते.

जाणाऱ्यांसाठी

कार्तिक ते फाल्गुन हा काळ सर्वांत चांगला. हिवाळ्यात धुकं असेल तर थोडं उशिरा निघावं, चैत्रानंतर पहाटेच निघावं. नावेत बसण्याआधी भाडं आणि कुठपर्यंत जायचं हे स्पष्ट ठरवावं. जीवरक्षक जाकीट नुसतं बाजूला ठेवू नये, घालावं. निर्माल्य आणि प्लास्टिक पाण्यात टाकू नये. नावाड्याकडून घाटांची नावं ऐकत जावं, कारण त्याच्या आठवणीतला इतिहास फलकांवर नसतो.

जालना, अंबड, परतूर, भोकरदनहून यात्रा नेणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. आरतीच्या गर्दीतल्या अर्ध्या तासावर नावेची हौस भागवू नका. यात्रेच्या कार्यक्रमात एक सकाळ अस्सी ते आदिकेशव फेरीसाठी राखून ठेवा, आणि नावेत बसण्याआधी आपल्या लोकांना अहिल्याबाई, बायजाबाई, अमृतराव, एकनाथ आणि समर्थ यांच्याबद्दल दोन शब्द सांगा. दर्शन सगळेच घेतात. आपल्या पूर्वजांनी बांधलेला काठ ओळखून परत येणं, हेही काशीयात्रेचं फळ आहे.