जपानी लिपी आणि संगणकीय संकेतप्रणाली : एक विवेचन

संगणक अक्षर साठवीत नाही. अक्षरास दिलेला अंक साठवतो. कोणत्या अक्षरास कोणता अंक द्यावयाचा हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस संकेतप्रणाली म्हणतात. इंग्रजीस सात बिटांतील १२८ संकेत पुरेसे ठरले. जपानी लेखनात मात्र हिरागाना व काताकाना या दोन वर्णमालांबरोबर हजारो कांजी चिन्हे वापरली जातात. १९६९ च्या जपानी मानकात एका बाइटमध्ये रोमन अक्षरांसोबत केवळ काताकाना सामावली.

१९७८ मध्ये प्रत्येक चिन्हास दोन बाइट देणारे मानक सिद्ध झाले. ९४ ओळी व ९४ स्तंभांच्या या कोष्टकात ६,३४९ कांजींसह एकूण ६,८०२ चिन्हांना स्थान मिळाले. ही निवड अनेक याद्यांच्या आधारे झाली होती आणि तीत दोषही शिरले. १९९७ च्या सुधारणेच्या निमित्ताने झालेल्या संशोधनात काही कांजींचा मूळ आधारच सापडेना. अशा चिन्हांना जपानीत ‘भूताक्षरे’ म्हटले जाते. त्यांपैकी एक चिन्ह, ग्रामनामातील अक्षर कागदाचे तुकडे चिकटवून तयार करताना कडेची उमटलेली छाया रेघ समजली गेल्याने जन्मास आले. याउलट, आडनावांत प्रत्यक्ष वापरली जाणारी कित्येक रूपे कोष्टकाबाहेर राहिली.

कोष्टक एक असले तरी ते बाइटमध्ये मांडण्याच्या रीती तीन झाल्या. ई-मेलसाठी आयएसओ-२०२२-जेपी, वैयक्तिक संगणकांवर शिफ्ट-जेआयएस आणि युनिक्स यंत्रणांवर ईयूसी-जेपी प्रचलित झाली. हिरागानातील ‘अ’ षोडशमान पद्धतीने पहिलीत २४-२२, दुसरीत ८२-ए० आणि तिसरीत ए४-ए२ असा लिहिला जातो. साहजिकच एका रीतीने लिहिलेला मजकूर दुसरीने वाचल्यास निरर्थक चिन्हे उमटतात. या विकृतीस जपानीत ‘मोजिबाके’ अशी संज्ञा आहे.

१९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने जगातील लिप्यांसाठी सामाईक संकेतांक दिले. यूटीएफ-८ च्या प्रसारानंतर मोजिबाके पुष्कळच कमी झाले. तथापि चिनी, जपानी व कोरियन लेखनातील समान मूळ असलेल्या चिन्हांना बहुधा एकच संकेतांक दिल्याने रूपभेदांचा प्रश्न उरला. ‘वातानाबे’ या आडनावातील दुसरी कांजी अनेक रूपांत लिहिली जाते आणि प्रत्येक कुटुंबास आपलेच रूप शुद्ध वाटते. त्यासाठी मूळ संकेतांकापुढे रूपभेददर्शक संकेत जोडण्याची सोय पुढे करण्यात आली.

तात्पर्य, संकेतप्रणाली हा वरकरणी तांत्रिक विषय असला, तरी आपले नाव आपल्या रूपात लिहिले जाण्याचा अधिकार कोणास मिळतो, हे तिच्या कोष्टकातच ठरत असते.